औंध ते अंटार्क्टिका : डॉ. अदिती पंत यांच्या संशोधनाचा ऐतिहासिक विचार

औंध संस्थानाच्या इतिहासलेखनात १९३९ ची राज्यघटना, स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत आणि भवानी चित्रसंग्रहालय हे विषय वारंवार येतात. संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात मोडतात. याच राजघराण्यातील डॉ. अदिती पंत यांचा उल्लेख मात्र बहुधा 'अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक' एवढाच होतो. पहिलेपणाच्या या कौतुकात त्यांचे शास्त्र झाकले गेले आहे.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे पुत्र, मुत्सद्दी अप्पासाहेब पंत, यांची ही कन्या. जन्म १९४३, नागपूर. पुणे विद्यापीठाच्या पदवीनंतर ॲलिस्टर हार्डी यांच्या 'द ओपन सी' या ग्रंथाने त्यांना सागरविज्ञानाकडे वळविले. हवाई आणि लंडन येथील शिक्षणानंतर १९७० च्या दशकात त्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. सागरी सूक्ष्म शैवाल आणि त्यांचे प्रकाशसंश्लेषण हा त्यांचा अभ्यासविषय होता.

डिसेंबर १९८३ ते मार्च १९८४ या काळातील तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्यांच्यासमवेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले भारतीय केंद्र याच मोहिमेत उभे राहिले. पंत यांनी तेथील समुद्राच्या अन्नसाखळीचा अभ्यास केला. या साखळीच्या मुळाशी सूक्ष्म शैवाल असते. त्यावर क्रिल आणि क्रिलवर व्हेल, पेंग्विन जगतात. शैवालाची वाढ पाण्यात किती प्रकाश उतरतो यावर, आणि प्रकाश बर्फाच्या आवरणावर अवलंबून असतो.

पंत यांचे क्षेत्र समुद्र होते, तळी नव्हेत, हे नमूद केले पाहिजे. तथापि ध्रुवीय व उंच पर्वतीय तळ्यांवरील हवामानबदलाचा आजचा अभ्यासही प्रकाश, बर्फ आणि शैवाल यांच्या याच नात्याभोवती फिरतो. तळे लवकर बर्फमुक्त झाले की वाढीचा काळ लांबतो, उबदार पाण्याचा थर वर तरंगत राहतो व डायटम शैवालांच्या जाती बदलतात. त्यांची सिलिकायुक्त कवचे तळाच्या गाळात थरांनी साठतात. हा गाळ म्हणजे निसर्गाचे दप्तरच. १९८९ पासून कार्यरत असलेले 'मैत्री' हे भारतीय केंद्र शंभराहून अधिक तळ्यांच्या शिर्माखर प्रदेशात, 'प्रियदर्शिनी' तळ्याकाठीच आहे.

पुढे पंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्यरत होत्या. औंधच्या इतिहासाची साधने केवळ संस्थानी दप्तरात शोधणाऱ्या अभ्यासकाला त्यांचे शोधनिबंध भेटणे कठीणच.