हिमालयाचें दगडी दप्तर

ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें हीं इतिहासाचीं साधनें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पण ज्या काळीं मनुष्यच नव्हता, त्या काळाचा इतिहास कोणत्या कागदावरून वाचावयाचा? त्याचें दप्तर म्हणजे भूपृष्ठावरील खडकांचे थर. हिमालयांतील हें दप्तर नीट लावण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांत फर्डिनंड स्टोलिच्का यांचें नांव अग्रभागीं येतें.

स्टोलिच्का यांचा जन्म १८३८ सालीं मोराव्हियांत, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकांत झाला. व्हिएन्नास शिक्षण घेऊन व ऑस्ट्रियाच्या भूशास्त्रीय संस्थेंत अनुभव मिळवून ते १८६२ च्या अखेरीस हिंदुस्थानच्या भूस्तर-पाहणी खात्यांत रुजू झाले. १८६४ मध्यें सहकारी मॅलेट यांच्यासह त्यांनीं स्पितीचें खोरें पाहिलें; दुसऱ्या वर्षीं पुन्हां जाऊन सिंधू नदीपर्यंत मजल मारली.

आज हिमाचल प्रदेशांत मोडणारें हें खोरें समुद्रसपाटीपासून सुमारें बारा हजार फूट उंच आहे. तेथें पाऊस थोडा आणि झाडोरा विरळ. त्यामुळें डोंगरांच्या कडा उघड्या पडल्या असून चुनखडक व शेल यांचे थर एकावर एक रचलेले दिसतात. शेल म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला पापुद्र्यांचा खडक. हे सर्व थर एका लुप्त समुद्राच्या तळाशीं सांचले. काळ्या शेलमधील दगडी गोळे फोडले असतां आंत चक्राकार शंखांचे ठसे सांपडतात. नेपाळांतील गंडकीच्या पात्रांतून येऊन महाराष्ट्रांतील देवघरांत पूजिले जाणारे शाळिग्राम याच जातीचे. त्या प्राण्यांना शास्त्रज्ञ अमोनाइट म्हणतात.

असे शंख स्टोलिच्का यांच्या पूर्वींही मिळालेले होते. डॉ. जेरार्ड यांनीं स्पितींतून त्यांचा संग्रह आणला होता. पण दप्तरांतून सुटलेला कागद अस्सल असला तरी त्याचा मागचापुढचा संदर्भ हरपतो. तीच गत थरांतून सुटलेल्या जीवाश्माची. म्हणून पाहणी करणारा खालच्या थरापासून आरंभ करून पायरीपायरीनें वर जातो. थराची जाडी, रंग, कण आणि कल तो लिहून ठेवतो. चुनखडकावर आम्लाचा थेंब टाकतांच बुडबुडे उठतात. शेलची ढलपी सुटते. एक थर संपून दुसरा एकदम सुरू होतो कीं हळूहळू पालटतो, हेंही पाहावें लागतें. कारण समुद्र स्वच्छ होता कीं गढूळ, हें त्यावरून कळतें. सर्वांत महत्त्वाची नोंद अशी कीं, जीवाश्म थरांत रुतलेला होता कीं उतारावरच्या घसाऱ्यांत पडलेला. घसारा वरून येतो. त्यांतील वस्तू कोणत्या थराची, याची ग्वाही कोण देणार? शिवाय हिमालयांत थर दुमडले गेले आहेत. कित्येक ठिकाणीं जुना थर नव्याच्या डोक्यावर बसलेला आढळतो.

अशा नोंदींवरून स्टोलिच्का यांनीं १८६५ च्या ग्रंथांत थरांची मालिका मांडली. मुथ, कुलिंग, लिलांग, त्यावर पॅरा व टॅगलिंग चुनखडक, मग स्पिती शेल, गिउमल वालुकाश्म आणि शेवटीं चिक्किम: नांवें बहुतेक तेथील गांवांचीं व घाटांचीं. त्यांचे सर्वच निर्णय टिकले नाहींत. कुलिंगचे थर त्यांनीं कार्बनी काळाचे मानले. ते पुढें पर्मियन ठरले. पॅरा व टॅगलिंग हीं नांवें मागें पडून त्या चुनखडकास किओटो हें नांव मिळालें. परंतु मालिकेचा मुख्य क्रम कायम राहिला. हेडन यांनीं १९०४ च्या आपल्या ग्रंथांत याच खोऱ्याची फेरपाहणी मांडली, तेव्हां चूक कोठें व बरोबर कोठें हें दाखविणें शक्य झालें, तें जुन्या नोंदी स्थळवार होत्या म्हणूनच.

यारकंदच्या दुसऱ्या मोहिमेवरून परततांना काराकोरम घाट ओलांडल्यावर १९ जून १८७४ रोजीं मुर्गो येथें स्टोलिच्का यांचा अंत झाला. वय अवघें ३६. लेह येथें त्यांचें दफन झालें. त्यांच्या रोजनिशींवरून व टिपणांवरून विल्यम ब्लॅनफर्ड यांनीं मोहिमेचा भूशास्त्रीय वृत्तांत तयार केला व तो १८७८ मध्यें प्रसिद्ध झाला. लिहिणारा गेला तरी लिहिलेलें उपयोगीं पडलें.

याच्या उलट प्रकार १९८९ सालीं उघडकीस आला. हिमालयांतील म्हणून वर्षानुवर्षें प्रसिद्ध झालेले कित्येक जीवाश्म मोरोक्को, न्यूयॉर्क अशा दूरच्या स्थळांच्या नमुन्यांशीं तंतोतंत जुळतात, हें ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनीं दाखवून दिलें. दिलेल्या स्थळीं जाऊन ते पुन्हां मिळेनात. त्या लेखनावर विसंबून केलेलें इतरांचें कामही संशयांत सांपडलें.

जीवाश्म खरा असूनही त्याचें गांव खोटें असेल, तर सारा इतिहास खोटा ठरतो. दुर्गम डोंगरांत, साक्षीदार कोणी नसतां, जें दिसलें तेवढेंच आणि जेथें दिसलें तेथलेंच लिहिणें, हेंच या विद्येचें मूळ भांडवल होय.