भिंतीची डागडुजी

दख्खनच्या खेड्यात शेत काळीत आणि घर पांढरीत ही जी विभागणी महसुली दप्तरांतून पिढ्यान्‌पिढ्या नोंदली गेली, तिला भूमीच्या स्वभावाचाही आधार आहे. कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, वैशाखात आक्रसून खोलवर भेगाळते, आणि तिच्यावर उभ्या केलेल्या भिंतीला ही ओढाताण वर्षानुवर्षे सोसावी लागून अखेरीस दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणल्यावाचून थर मांडीत नसे. तरीही भिंत कधी ना कधी तडकणार, हे घरधन्याने आणि गवंड्याने दोघांनीही गृहीतच धरलेले असे, आणि डागडुजी हा आकस्मिक खर्च न मानता सालाबादचा मानला जाई.

राज्यकर्त्यांची दृष्टीही याहून निराळी नव्हती. मराठेशाहीच्या बारा महालांत इमारतीचा एक स्वतंत्र महाल गणला जाई. आणि अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांविषयी जी ताकीद लिहून ठेवली, तिच्यात तटावर वाढणारी झाडे वेळोवेळी कापून काढण्याचा तपशीलही सुटलेला नाही. सांध्यात रुजलेल्या पिंपळाच्या रोपाने तटाची काय अवस्था होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला राजनीतीच्या ग्रंथात या क्षुल्लक वाटणाऱ्या कलमाचे नवल वाटणार नाही.

डागडुजीचा प्राण म्हणजे चुना. ओढ्यानाल्यांच्या काठी मिळणारी चुनखडी लोणारी भट्टीत भाजीत. कोकणच्या किनाऱ्यावर हेच काम शिंपल्यांवर भागे. भाजलेली कळी पाण्यात विझवून मुरत ठेवायची आणि मग वाळू व विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, घालून घाणीत मळायची. ही घाणी म्हणजे दगडी चाकोरीचे एक वर्तुळ. तीत जड दगडी चाक फिरे आणि ते ओढणारा बैल किंवा रेडा दिवसभर त्याच वाटेने चाले. मसाल्याला चिकटपणा यावा म्हणून गुळाचे पाणी, हिरड्याचा किंवा बेलफळाचा काढा घालीत. प्रमाण ज्याचे त्याच्याजवळ, आणि ते सांगताना प्रत्येक गवंडी दुसऱ्याचे चूक ठरवी. शुद्ध चुना हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा दगड होतो, पण त्याला महिनेच्या महिने लागतात. चुनखडीत चिकणमातीचा अंश असला, किंवा सुरखीची जोड मिळाली, तर तो ओलीतही धरतो. पावसाचे पाणी मुरले की चुन्याचा थोडा अंश विरघळून केसासारख्या बारीक चिरांत उतरतो आणि तेथेच पुन्हा घट्ट होतो, म्हणजे लहानसहान चीर भिंत आपली आपणच सांधते.

मोठ्या तड्याला मात्र माणसाचाच हात लागे. आधी ओळंबा सोडून भिंत कलली आहे काय ते पाहायचे, सुटलेला माल खरवडून तडा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद करायचा, आणि आतला भाग पाण्याने पुरता भिजवायचा. कोरड्या विटेने मसाल्यातले पाणी शोषून घेतले की केलेले काम व्यर्थ. पोकळी नुसत्या चुन्याने भरली तर तो आक्रसून पुन्हा फट पडते, म्हणून दगडाच्या चिपा ठोकीत जायचे. भगदाड असेल तर कडेच्या थरांत दाते सोडून नव्या विटा जुन्यांत गुंतवायच्या, आणि पुढे कित्येक दिवस ओले गोणपाट ढळू द्यायचे नाही.

डलहौसीच्या कारकिर्दीत 1854 साली सार्वजनिक बांधकामाचे खाते निघाले, आणि त्याच साली पुण्यात त्या खात्याला माणसे पुरविणारा अभियांत्रिकीचा वर्गही सुरू झाला. तड्यावर काचेची पट्टी बसवून तीवर तारीख घालायची, आणि ती तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजून बुजविण्याची घाई करायची नाही, ही खात्यातल्या अभियंत्यांची रीत मला त्यांच्या पुष्कळ नियमांहून अधिक शहाणपणाची वाटते. इंग्लंडात ॲस्पडिनने 1824 साली पेटंट घेतलेले पोर्टलंड सिमेंट पोरबंदरच्या कारखान्यात 1914 पासून तयार होऊ लागले. त्याचा गुण म्हणजे झटपट येणारा कठीणपणा. जुन्या भिंतीत दोष तोच. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढला की आतली ओल कोंडते, लोणा लागतो, आणि ठिगळ शाबूत राहून शेजारची मऊ वीट भुगा होते.

एवढे असूनही लोकांचा कल सिमेंटकडे गेला, आणि त्याला निमित्त ओलीहून पुष्कळ मोठ्या पाण्याचे झाले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, तेव्हा मातीत रचलेल्या वाड्यांच्या भिंती पाण्यात बसल्या. दोष मातीचा होता, पण ज्यांची घरे गेली त्यांच्यापुढे माती आणि चुना यांतला भेद काढून चुन्याची वकिली कोणी करावी? नदीकाठची नवी घरे सिमेंटात उभी राहिली, चुन्याच्या घाण्या एकेक करून बंद पडल्या, आणि ज्या वाड्यांच्या भिंती पुरातही टिकल्या होत्या त्यांचे तडेही पुढे सिमेंटनेच बुजविले जाऊ लागले.