बातमी, सरकार आणि ‘दहशतवादी’: हसवणारे काही चित्रपट आणि आपलं मालेगाव

टीव्हीच्या लाल पट्टीत ‘मालेगाव’ हे नाव दिसलं की नाशिकच्या जुन्या भागातल्या कितीतरी घरांत जेवतानाचा घास थांबतो. नातेवाईक तिकडेच असतात. पहिला फोन ‘सगळे बरे आहेत ना’ विचारायला आणि दुसरा ‘मुलाला आज बाहेर पाठवू नको’ सांगायला. अशा घरात दहशतवादावरचा विनोदी चित्रपट लावायचा का, हा प्रश्न बरेच जण विचारतात, विशेषतः आई-वडील. या लेखात अशा काही चित्रपटांची माहिती एकत्र केली आहे. कोणता मुलांसोबत पाहता येईल, कोणता नाही, तेही त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

आधी एक फरक. मराठीत आपण सगळ्यालाच विडंबन म्हणतो. पण एखाद्या गाजलेल्या चित्रपटाची नक्कल करून हसवणं वेगळं, आणि सत्ता, पोलीस, चॅनेल यांच्या वागण्यातला खोटेपणा मोठा करून दाखवणं वेगळं. दुसऱ्याला उपहास म्हणतात. मालेगाव पहिल्यासाठी प्रसिद्ध आहे. आपला विषय मुख्यतः दुसरा आहे.

मराठीत सुरुवात ‘सिंहासन’पासून करावी लागेल. १९७९ चा, जब्बार पटेल यांचा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. निळू फुले यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार मंत्रालयातला सगळा खेळ जवळून पाहतो, त्याला सगळं माहीत असतं, आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. त्या वेळी चॅनेल नव्हती, दहशतवादाची चर्चाही नव्हती. तरीही बातमीदार आणि सत्ता यांचं नातं इतकं स्वच्छ नंतर फार कमी चित्रपटांनी दाखवलं. १९८३ च्या कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’मध्ये तर ‘खबरदार’ नावाच्या मासिकाची संपादकच पुरावा हातात घेऊन सौदा करायला बसते, आणि शेवटी शिक्षा भोगतात ते दोन गरीब फोटोग्राफर. हा घरात सगळ्यांसोबत पाहता येतो. महाभारताच्या नाटकातला गोंधळ लहान मुलांनाही हसवतो.

बातमी, सरकार आणि ‘दहशतवादी’ हे तिन्ही एकाच गोष्टीत बांधणारा मोठा हिंदी चित्रपट म्हणजे अझीझ मिर्झा यांचा ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’. २१ जानेवारी २००० ला आला, चालला नाही. शाहरुख खान आणि जुही चावला दोन प्रतिस्पर्धी चॅनेलचे बातमीदार. एका बापाने मुलीवरच्या अत्याचाराचा बदला म्हणून खून केलेला असतो. राजकारण्यांच्या सोयीसाठी त्याला दहशतवादी ठरवलं जातं, आणि मग त्याची फाशी थेट दाखवायची, त्यावर जाहिराती घ्यायच्या, असा बेत शिजतो. तेव्हा लोकांना हे अतिरंजित वाटलं. लक्षात घ्या, ‘आज तक’ चोवीस तासांचं चॅनेल झालं ते त्याच वर्षाच्या अगदी शेवटी, डिसेंबर २००० मध्ये. म्हणजे रोग यायच्या आधी औषधाची चिठ्ठी लिहिली गेली होती! चित्रपट म्हणून तो मध्येच भरकटतो, गाणीही जास्त आहेत. पण ‘दहशतवादी’ हा शब्द माणसाला कसा चिकटवला जातो हे किशोरवयीन मुलांना समजावायला याच्याइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

खरी भर पडली २०१० मध्ये. त्या एका वर्षात ‘तेरे बिन लादेन’, ‘पीपली लाइव्ह’ आणि इंग्लंडमध्ये ‘फोर लायन्स’ असे तीन चित्रपट आले. (रामगोपाल वर्मांचा ‘रण’ही त्याच जानेवारीतला. त्यात बॉम्बस्फोटाचा आळ पंतप्रधानांवर टाकणारी खोटी टेप चॅनेलवर दाखवली जाते. विषय तोच, पण तो हसवत नाही, ओरडतो.)

‘तेरे बिन लादेन’ अभिषेक शर्मा यांचा, १६ जुलै २०१० चा. कराचीतल्या एका लहान चॅनेलचा बातमीदार अली हसन अमेरिकेला निघतो. विमानात तो कॅमेऱ्यासमोर बातमी बोलण्याचा सराव करतो, त्याचे दोन शब्द ऐकून प्रवासी घाबरतात आणि त्याला परत पाठवलं जातं. त्यानंतर व्हिसा नाही तो नाहीच. मग त्याला कोंबडा पाळणारा नूरा भेटतो, हुबेहूब ओसामासारखा दिसणारा. त्याला खरं न सांगता त्याची टेप बनवली जाते, विकली जाते, आणि जग हादरतं. सगळ्यात बोचरा भाग शेवटचा आहे: अमेरिकन अधिकाऱ्याला टेप खोटी असल्याचं कळतं, पण आता खरं सांगितलं तर आपलीच इभ्रत जाईल म्हणून तोही त्या खोट्यात सामील होतो. पाकिस्तानच्या सेन्सॉरने या चित्रपटावर बंदी घातली. भारतात तो चांगला चालला. ओसामा तेव्हा जिवंत होता, हेही विसरू नका. चित्रपट हलकाफुलका आहे, काही संवाद थोडे वाह्यात आहेत, मोठ्या मुलांसोबत पाहायला हरकत नाही. याचा २०१६ चा पुढचा भाग पाहिला नाही तरी चालेल.

‘फोर लायन्स’चं तसं नाही. क्रिस मॉरिस यांचा हा चित्रपट आपल्या लोकांना पहिल्या अर्ध्या तासात राग आणतो. इंग्लंडमधले चार-पाच बावळट मुस्लिम तरुण बॉम्बस्फोटाचा कट करतात, कावळ्याला स्फोटकं बांधायचा प्रयोग करतात. म्हणाल, ही आमचीच थट्टा. पण त्यात बाजूला एक पात्र आहे, नायक उमरचा भाऊ. दाढीवाला, कडक धार्मिक, आणि हिंसेच्या पूर्ण विरोधात. भावाला समजावणारा तोच. आणि पोलीस छापा टाकून पकडतात कोणाला? त्यालाच! कारण तो तसा ‘दिसतो’. उमर (रिझ अहमद) मात्र जीन्स घालून, बायको-मुलाशी गोड बोलून सगळ्यांसमोर फिरत असतो. शेवटी मॅरेथॉनमध्ये नेमबाज चुकीच्या माणसाला गोळी घालतात, आणि नंतर सरकारचा माणूस टीव्हीवर सांगतो की पोलिसांनी मारला तो बरोबर माणूस होता, फक्त स्फोट दुसऱ्याचा झाला. एवढ्या एका वाक्यात सरकारी खुलाशाची सगळी भाषा येते. शिव्या खूप आहेत, शेवट सुन्न करणारा आहे. मुलांसाठी अजिबात नाही, पण नौजवानांशी बोलायला बसणाऱ्या मोठ्यांनी जरूर पाहावा.

‘पीपली लाइव्ह’मध्ये दहशतवाद नाही, शेतकरी आत्महत्या आहे. तरी तो या यादीत हवाच, कारण चॅनेल काम कसं करतं हे त्यात आतून दाखवलंय. दिग्दर्शक अनुषा रिझवी स्वतः टीव्ही पत्रकारितेतून आलेल्या. नत्था मरणार की नाही यावर गावात ओबी व्हॅन उभ्या राहतात, एक चॅनेल तर त्याच्या शौचाच्या जागेवरून बातमी देतं. आणि त्याच गावात होरी महतो नावाचा म्हातारा माती खणता खणता मरतो, त्याच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. शिव्यांमुळे त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं होतं, हे लक्षात ठेवून पाहा.

परदेशातला एक जुना नमुना सांगतो. १९९७ चा ‘वॅग द डॉग’. अध्यक्षाची भानगड झाकायला अल्बानियाशी खोटं युद्ध रचलं जातं. स्टुडिओत एका मुलीच्या हातात वेफर्सचं पाकीट देतात आणि संगणकावर त्याचं मांजराचं पिल्लू करतात. मागे जळतं गाव. आज मोबाईलवर येणारे बनावट व्हिडिओ पाहताना हे दृश्य आठवतं.

आता मालेगाव. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरात. हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट, तीसहून जास्त लोक गेले. अटक झाली ती नऊ मुस्लिम तरुणांना. त्यांची चित्रं चॅनेलवर फिरली. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. त्यातला एक त्याआधीच वारला होता. अटकेची बातमी किती दिवस चालली आणि सुटकेची किती मिनिटं, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिलंय. मग २९ सप्टेंबर २००८, रमझान, भिक्कू चौक, सहा मृत्यू.

त्याच २००८ चा फैझा अहमद खान यांचा माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ बनवला, खर्च पन्नास हजारांच्या आसपास. यंत्रमागाला शुक्रवारी सुट्टी, व्हिडिओ पार्लर भरलेली, कॅमेरा सरकवायला सायकल. मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्याचा खलनायक कोण? अतिरेकी नाही, मंत्री नाही. घाण आणि तंबाखू आवडणारा माणूस! ज्या शहराच्या नावावर देशभरच्या चॅनेलनी वर्षानुवर्षं भीती विकली, त्या शहराने स्वतःच्या पडद्यावर गटार, गुटखा आणि गरिबी यांची थट्टा केली. काही जाणकार म्हणतात, विषय टाळला. मला तसं वाटत नाही. मोहल्ल्यात पोलिसांची गाडी उभी असताना बॉम्बवर विनोद करायची चैन इंग्लंडमधल्या दिग्दर्शकाला परवडते, यंत्रमाग कामगाराला नाही. त्यांनी जे खरं रोजचं होतं ते घेतलं. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमाग कामगारच. पुढे तोंडाच्या कर्करोगाने वारला. हा माहितीपट मात्र आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी एकत्र पाहण्यासारखा आहे.

याच गोष्टीवर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ ला आला, रमझानच्या दोन दिवस आधी. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांनी तो नंतर मोबाईलवरच पाहिला. त्याच वर्षी ३१ जुलैला २००८ च्या स्फोट खटल्याचा निकाल लागला, सातही आरोपी निर्दोष सुटले. त्या संध्याकाळी मालेगाव पुन्हा लाल पट्टीत होतं.