पशुवैद्यकातील पहिली सनदधारक स्त्री : एलीन कस्ट

रत्नागिरी जिल्ह्याला पशुवैद्यक शिक्षणाच्या इतिहासात एक वेगळे स्थान आहे. १९७२ मध्ये दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि मुंबईतील परळचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याच्या अखत्यारीत आले. २००० मध्ये नागपूर येथे राज्याचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होईपर्यंत परळच्या पदव्या दापोलीच्या नावाने दिल्या जात होत्या. आज या शाखेत मुलींनी प्रवेश घेणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. परंतु हे महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले, त्या काळी ब्रिटिश साम्राज्यात सनद घेतलेली एकही स्त्री पशुवैद्य नव्हती. ती सनद पहिल्यांदा मिळविणाऱ्या एलीन कस्ट यांना त्यासाठी २५ वर्षे वाट पाहावी लागली.

बालपण व कुटुंब

एलीन यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६८ रोजी आयर्लंडमधील टिपरेरीजवळ झाला. वडील सर लिओपोल्ड कस्ट हे मोठ्या जमीनदारीची व्यवस्था पाहत असत. कुत्री, घोडे आणि गुरे यांच्या सहवासात एलीन यांचे बालपण गेले. मोठेपणी कोण होणार, या प्रश्नाला त्या लहानपणापासून 'पशुवैद्य' असे उत्तर देत. १८७८ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि कुटुंब इंग्लंडला आले. मेजर विड्रिंग्टन हे त्यांचे पालक झाले व त्यांनी एलीन यांच्या इच्छेला पाठबळ दिले. आई मात्र राणी व्हिक्टोरिया यांच्या दरबारी मानाच्या पदावर होत्या. उच्चकुलीन मुलीने गोठ्यातबाहेर चिखल तुडवीत गुरांवर उपचार करावेत, ही कल्पनाच त्यांना असह्य होती.

एलीन यांनी प्रथम लंडनमधील एका रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली. पण मन रमले नाही. अखेर १८९४ मध्ये त्यांनी एडिंबरो येथील न्यू व्हेटरिनरी कॉलेजात नाव घातले. या महाविद्यालयाचे प्राचार्य विल्यम विल्यम्स यांनी त्यांना प्रवेश दिला. मात्र हजेरीपटावर 'कस्ट' हे आडनाव नव्हते. घराण्याला संकोच वाटू नये म्हणून त्यांनी 'ए. आय. कस्टन्स' हे नाव धारण केले.

योगायोग असा की, १८९४ याच वर्षी डॉ. रखमाबाई यांनी लंडनमधील शिक्षण पूर्ण करून स्कॉटलंडमधील वैद्यकीय परीक्षा दिल्या व वैद्यकीय व्यवसायाचा अधिकार मिळविला. त्याआधी १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन डॉक्टर झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याने वैद्यकीय परीक्षा संस्थांना स्त्रियांना प्रवेश देण्याची मुभा मिळाली होती. माणसांवर उपचार करण्यास स्त्री पात्र ठरली, पण जनावरांवर उपचार करण्यास मात्र अपात्र राहिली!

परीक्षेचा दरवाजा बंद

एलीन अभ्यासात हुशार होत्या. प्राणिशास्त्रात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. परंतु पशुवैद्य म्हणून व्यवसाय करण्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या संस्थेची परीक्षा देणे आवश्यक होते. ही संस्था १८४४ मध्ये राजसनदेने स्थापन झाली होती आणि १८८१ च्या कायद्यान्वये 'व्हेटरिनरी सर्जन' ही उपाधी केवळ तिच्या सदस्यांनाच लावता येत असे. सनदेतील शब्दप्रयोग पुरुषांनाच लागू होतो, अशी भूमिका घेऊन १८९७ मध्ये संस्थेने एलीन यांना परीक्षेस बसू देण्याचे नाकारले.

एलीन यांनी एडिंबरोच्या न्यायालयात दाद मागितली. संस्थेचे कार्यालय स्कॉटलंडमध्ये नसल्याने तिच्याविरुद्ध खटला चालविण्याचा अधिकार आपल्याला नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. मूळ प्रश्नावर निकाल झालाच नाही. पुढचा मार्ग लंडनच्या न्यायालयाचा होता. तेथे कस्ट हे नाव वृत्तपत्रांत झळकले असते आणि दरबारात वावरणाऱ्या आईची अवस्था अवघड झाली असती. एलीन यांनी तो खटला भरला नाही. ज्या आईला त्यांचा मार्गच मान्य नव्हता, तिच्या प्रतिष्ठेसाठी त्यांनी आपला दावा सोडून दिला.

मात्र त्यांनी शिक्षण सोडले नाही. अभ्यासक्रम पूर्ण करून १९०० मध्ये त्या महाविद्यालयातून बाहेर पडल्या. हाती सनद नव्हती. होते ते प्राचार्य विल्यम्स यांचे शिफारसपत्र. पालकांच्या पुत्राशी ठरलेला त्यांचा विवाहही पुढे मोडला, कारण त्या व्यवसाय सोडण्यास तयार नव्हत्या.

आयर्लंडमधील व्यवसाय

आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातील पशुवैद्य विल्यम ऑगस्टीन बर्न यांनी एलीन यांना साहाय्यक म्हणून बोलावून घेतले. घोड्यावर एका बाजूने बसून त्या दूरदूरच्या शेतकऱ्यांकडे जात. अडलेल्या गाईची सोडवणूक, घोड्यांची शल्यक्रिया, मेंढ्यांचे आजार अशी सर्व कामे त्या करीत. तेथील शेतकऱ्याची एखादी गाय दगावणे म्हणजे त्याच्या वर्षाच्या हिशेबाला खिंडार पडणे होय. कोकणातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. रात्री-अपरात्री हाकेला धावून येणाऱ्या या बाईंकडे सनद आहे की नाही, हे विचारण्याची गरज त्या शेतकऱ्यांना वाटली नाही.

१९०५ मध्ये गॉलवे परगण्याच्या परिषदेने त्यांची पशुवैद्यकीय निरीक्षक म्हणून नेमणूक केली. जनावरांच्या साथरोगांवर देखरेख ठेवणे हे या पदाचे काम होते. रॉयल कॉलेजने आक्षेप घेतला आणि सरकारी खात्यानेही मान्यता देण्यास नकार दिला. परिषद आपल्या निर्णयावर ठाम राहिली. शेवटी तडजोड झाली: काम तेच राहिले, पदनामातून 'पशुवैद्यकीय' हा शब्द वगळण्यात आला आणि त्या केवळ 'निरीक्षक' झाल्या. १९१० मध्ये बर्न यांचे निधन झाल्यानंतर त्यांचा व्यवसायही एलीन यांनीच सांभाळला.

महायुद्ध व सनद

पहिल्या महायुद्धात तोफा आणि रसद ओढण्यासाठी लाखो घोडे व खेचरे आघाडीवर होती. जखमी व आजारी जनावरांसाठी फ्रान्समध्ये लष्कराची मोठी पशुरुग्णालये उभारण्यात आली होती. १९१५ मध्ये एलीन स्वयंसेवी संस्थेमार्फत फ्रान्सला गेल्या व त्यांनी तेथील घोड्यांच्या उपचारांत भाग घेतला. १९१८ मध्ये त्या लष्कराच्या महिला साहाय्यक दलात दाखल झाल्या.

युद्धाने स्त्रियांच्या कर्तृत्वाविषयीच्या अनेक समजुती निकालात काढल्या. १९१९ मध्ये ब्रिटिश संसदेने लिंगभेदावर आधारित अपात्रता दूर करणारा कायदा केला आणि रॉयल कॉलेजला आपली भूमिका बदलणे भाग पडले. एलीन यांनी परीक्षेची परवानगी पुन्हा मागितली. त्यांचा दीर्घ अनुभव विचारात घेऊन केवळ अंतिम तोंडी परीक्षा घेण्यात आली. २१ डिसेंबर १९२२ रोजी त्यांना सनद प्रदान करण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. ब्रिटन व आयर्लंडमधील त्या पहिल्या सनदधारक स्त्री पशुवैद्य ठरल्या. पुढच्याच वर्षी एडिथ नाइट यांनी लिव्हरपूल येथून संपूर्ण अभ्यासक्रम व परीक्षा रीतसर उत्तीर्ण करून दुसरे स्थान मिळविले.

जगाच्या पाठीवर त्यांच्याआधीही काही स्त्रियांनी हा मार्ग चोखाळला होता. अमेरिकेत १९१० मध्ये एलिनॉर मॅग्रा आणि फ्लॉरेन्स किंबल यांनी पशुवैद्यकाच्या पदव्या संपादन केल्या होत्या. तरीही साम्राज्याच्या मुख्य संस्थेची दारे उघडली जाणे महत्त्वाचे होते, कारण भारतासह अनेक देशांतील पशुवैद्यक शिक्षणाची घडी ब्रिटिश पद्धतीवर बसविलेली होती. परळ महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हेही ब्रिटिश पशुवैद्यच होते.

उत्तरायुष्य

सनद मिळाली तेव्हा एलीन यांची प्रकृती पूर्वीसारखी राहिली नव्हती. १९२४ मध्ये व्यवसायातून निवृत्त होऊन त्या इंग्लंडच्या दक्षिण भागात स्थायिक झाल्या. २९ जानेवारी १९३७ रोजी जमैका येथे त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित राहिल्या. ज्या संस्थेने त्यांना पाव शतक उंबरठ्याबाहेर ठेवले, त्याच संस्थेकडे पशुवैद्यकातील संशोधन-शिष्यवृत्तीसाठी त्यांनी मृत्युपत्राद्वारे रक्कम ठेवली.

आजचा संदर्भ

एलीन यांच्या काळात युरोप-आशियातील गोधनाचा संहार करणारा बुळकांडी हा रोग २०११ मध्ये जगातून समूळ नष्ट झाल्याचे जाहीर झाले. लाळ्या-खुरकूत, घटसर्प व फऱ्या यांच्याविरुद्धची लसीकरण मोहीम अजून चालू आहे. कोकणातील लहान चणीची, डोंगरउतारावर चरणारी 'कोकण कपिला' गाय २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. 'कोकण कन्याळ' शेळीलाही अशीच मान्यता आहे. घरची गाय, वासरू व शेळी यांची निगा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने स्त्रियांनीच राखली. गोठ्यातील हे ज्ञान आणि महाविद्यालयातील सनद यांच्यामध्ये असलेली भिंत पाडण्याचे काम एलीन कस्ट यांच्यासारख्या स्त्रियांनी केले. 'कस्टन्स' या उसन्या नावाने वर्गात बसलेल्या विद्यार्थिनीच्या सनदेवर अखेरीस तिचे स्वतःचे आडनाव लिहिले गेले. आता कोणत्याही मुलीला पशुवैद्यकाच्या वर्गात नाव लपवून बसावे लागत नाही.