गाथासप्तशतींतील तरुण मंडळी व टीकाकारांच्या अवतरणिका

हालसातवाहनाच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतीचा उपयोग प्राचीन महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचें साधन म्हणून आजवर पुष्कळ झाला आहे. ग्रंथाची भाषा महाराष्ट्री प्राकृत. संकलनाचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, राजकुळाशीं. आणि विषय बहुतांशीं खेड्यांतील तरुण-तरुणींचीं प्रेमें, त्यांच्या सख्या, त्यांच्या सासवा व त्यांच्या फजित्या. तेव्हां असा उपयोग होणें साहजिकच होय. परंतु या मंडळींविषयीं आपण जें सांगतों त्यापैकीं गाथेंत किती आहे व गाथेवरील टीकेंत किती आहे, हा प्रश्न जितक्या काटेकोरपणें विचारावयास हवा तितका विचारला जात नाहीं, असें आमचें मत आहे. त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम ग्रंथाची स्थिति पाहूं. मत्स्यपुराणाच्या राजावलींत हालाचें नांव असून त्यास पांच वर्षांचें राज्य दिलें आहे. कोटि गाथांतून सातशें निवडल्या, असें ग्रंथांतच सांगितलें आहे. सातव्या शतकांतील बाणभट्टानें हर्षचरिताच्या आरंभीं सातवाहनाच्या कोशाची प्रशंसा केली आहे; त्यावरून व इतर प्रमाणांवरून ग्रंथाचें मूळ नांव 'गाथाकोश' असावें, असें वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. काळाविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. राधाकृष्णांचा व मंगळवाराचा उल्लेख पाहून दे. रा. भांडारकरांनीं ग्रंथ सहाव्या शतकापर्यंत खालीं आणला. मिराशींनीं मूळ संग्रह जुना धरून त्यांत पुढें भर पडत गेली असें मानिलें. या दुसऱ्या मतास हस्तलिखितांचा आधार आहे. वेबर या जर्मन पंडितानें १८७० सालीं कांहीं भाग व १८८१ सालीं समग्र ग्रंथ लाइपझिग येथें प्रसिद्ध केला. निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्या एकत्र करितां गाथांची संख्या ९६४ भरली. आणि सर्व परंपरांत समान अशा गाथा सुमारें ४३० च निघाल्या. नांव सप्तशतीचें, पण ज्यांविषयीं सर्व पोथ्यांची साक्ष एक, अशा गाथा साडेचारशेंहि नाहींत.

ही झाली मूळाची गोष्ट. टीकांची गोष्ट याहून नाजूक आहे. गाथा हें मुक्तक होय. दोन ओळींत प्रसंग येतो आणि संपतो. कोण बोलतें, कोणास बोलतें, कां बोलतें, हें पुष्कळदां गाथेंत नसतेंच. तें टीकाकार आरंभीं एका वाक्यांत सांगतो: सखी नायिकेस म्हणते, दूती नायकास सुचविते, कुलटा पांथास उद्देशून बोलते, इत्यादि. या वाक्यास आम्ही अवतरणिका म्हणतों. निर्णयसागरानें १८८९ सालीं काव्यमालेंत गंगाधरभट्टाच्या टीकेसह ग्रंथ छापला, आणि तेव्हांपासून वाचकाची दृष्टि आधीं अवतरणिकेवर व मग गाथेवर पडूं लागली. पाठशाळेंत आम्हीहि तसेंच वाचिलें व पुढें कित्येक वर्षें तसेंच समजत आलों.

एका पिढीच्या तारुण्याचें चित्र दुसऱ्या पिढीनें रंगवावयाचें आणि पाहणारानें तें पहिल्या पिढीचें म्हणून घ्यावयाचें, हा प्रकार आपल्या काळींहि चालू आहे. त्याकडे क्षणभर पाहिल्यास आमचा मुद्दा स्पष्ट होईल. अमेरिकेंत फॉक्स वाहिनीवर १९९८ च्या ऑगस्टपासून २००६ च्या मेपर्यंत 'दॅट सेव्हन्टीज शो' नांवाची विनोदी मालिका दूरचित्रवाणीवर चालली. विस्कॉन्सिन राज्यांतील पॉइंट प्लेस या कल्पित उपनगरांतील कांहीं तरुण मित्र-मैत्रिणी एका घराच्या तळघरांत जमतात. त्यांचीं प्रेमें जुळतात, मोडतात, आईबाप रागावतात, आणि सर्व गोष्ट हंसण्यावारी जाते. मराठींत सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी' कादंबरीवरून संजय जाधव यांनीं काढलेला २०१३ चा चित्रपट याच जातीचा. त्यांतहि मागल्या काळचा महाविद्यालयीन कट्टा उभा केला आहे.

त्या अमेरिकन मालिकेंतील दोन गोष्टी संशोधकानें ध्यानांत घ्याव्यात अशा आहेत. मालिकेचे आठ हंगाम व २०० भाग झाले. कथेंतील काळ मात्र १९७६ च्या मेपासून १९७९ च्या शेवटच्या दिवसापर्यंतचाच. पावणेआठ वर्षें सांगितलेली गोष्ट चार वर्षांच्याहि आंत बसविली आहे. भागांतील सण व ऋतु मोजून कोणी पुढें कालगणना करूं लागला तर तो फसेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दृश्य चालूं असतां प्रेक्षकांच्या हास्याचा आवाज ऐकूं येतो. विनोद कोठें आहे, कोणाच्या बोलण्यांत छुपा अर्थ आहे, हें तो आवाज घरबसल्या पाहणारास सांगतो. तें हास्य त्या तळघरांतील मुलांचें नव्हे; १९७६ सालचेंहि नव्हे. तें नंतरच्या काळाचें आहे आणि तरी चित्राचाच भाग होऊन बसलें आहे. आमच्या मतें अवतरणिकेचें काम नेमकें हेंच आहे.

आतां कांहीं गाथा घेऊं. पहिल्या शतकांतील नववी गाथा प्रसिद्ध आहे. साळीचीं शेतें पिकून पांढुरकीं होऊं लागलीं म्हणून मान खालीं घालून रडणाऱ्या मुलीस कोणी सांगतें कीं, तागाचें शेत आतां हरताळानें मुख रंगविलेल्या नटीसारखें झालें आहे. गाथा एवढीच. रडणारी कोण, समजावणारी कोण, यांचा उल्लेख नाहीं. टीकापरंपरा सांगते कीं, मुलीचें संकेतस्थान साळीच्या शेतांत होतें, कापणी होतांच तें जाणार, म्हणून ती रडते. आणि सखी तिला तागाच्या उंच शेताचा नवा आडोसा दाखविते. अर्थ सुंदर आहे, कदाचित् खराहि असेल. परंतु साळ पिकते तेव्हां ताग पिवळा फुलतो हा शेतीचा दाखला गाथेंतला आहे. चोरटी भेट अवतरणिकेंतली आहे. इतिहासकारानें या दोहोंस एकाच खात्यांत जमा करणें योग्य नव्हे.

याच्या उलट बाजूच्याहि गाथा आहेत. विंचू चावल्याचें निमित्त करून एका मुलीस तिच्या नवऱ्यासमक्ष वैद्याच्या घरीं नेतात. हा वैद्य तिचा प्रियकर. चतुर सख्यांनीं तिचे दोन्ही हात धरले आहेत आणि ती ते झाडीत चालली आहे. येथें वैद्याचें नातें, सख्यांचें चातुर्य व नवऱ्याची उपस्थिति, सर्व गाथेच्या शब्दांत आहे. अवतरणिका झांकून ठेवली तरी प्रसंग जसाच्या तसा राहतो. त्याचप्रमाणें कापसाच्या शेताच्या पहिल्या नांगरटीच्या मुहूर्तावर नांगरास मंगलचिन्हें काढतांना जिचे हात मनांतल्या बेतानें थरथरतात, तिला 'असती' हें विशेषण कवीनेंच दिलें आहे. धाकट्या दिराच्या मनांत पाप आहे हें ओळखून भिंतीवर काढलेलीं रामलक्ष्मणांचीं चित्रें दाखवीत दिवसभर त्याला लक्ष्मणाची कथा सांगणारी कुलवधूहि गाथेंतलीच. या शेवटच्या गाथेकडे आम्ही विशेष लक्ष वेधूं इच्छितों. तींत भित्तिचित्रांचा दाखला आहे, रामकथेच्या घरगुती उपयोगाचा दाखला आहे, आणि शब्द न उच्चारितां आपली अब्रू राखणारी एक सूनहि आहे.

तिसरा प्रकार मधला. गोदेच्या कांठच्या कुंजांत फुलें वेंचावयास येणाऱ्या, पण कुत्र्यास भिणाऱ्या धार्मिकाला एक स्त्री सांगते कीं, आतां निर्धास्त फिर. त्या कुत्र्याला कुंजांत राहणाऱ्या सिंहानें मारलें. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ध्वनीचें उदाहरण म्हणून ही गाथा घेतली आणि तिचें भाग्य उघडलें. तो कुंज या स्त्रीचें संकेतस्थान आहे व 'फिर' म्हणण्यांत 'फिरूं नकोस' असा निषेध आहे, हें व्याख्यान पुढें सर्व साहित्यशास्त्रांत रूढ झालें. अकराव्या शतकांत महिमभट्टानें ध्वनि नाकारून तेथें अनुमान मानिलें. पण संकेतस्थानाविषयीं त्यासहि शंका आली नाहीं. कुत्र्याच्या भीतीवर सिंहाचा उतारा, ही थट्टा तर गाथेंतच आहे. प्रियकर मात्र तींत नाहीं. आणि व्याख्यान खरें मानावयाचें तर सिंह हा त्या बाईची थाप ठरतो. ज्यांस या गाथेवरून गोदातीरीं सिंह होते असें सिद्ध करावयाचें असेल त्यांनीं संकेतस्थान सोडावें. ज्यांस संकेतस्थान हवें त्यांनीं सिंह सोडावा. दोन्ही एकाच वेळीं पदरांत पडणार नाहींत.

कोणी म्हणेल, मुक्तकाचा संदर्भ श्रोत्यांस ठाऊक असेच; टीकाकारानें तो लिहून ठेविला, त्यांत नवें काय केलें? या आक्षेपांत तथ्य आहे. नागर रसिकांपुढें ग्रामीण मंडळींच्या प्रेमाचें चित्र मांडावयाचें, अशी मूळ संग्रहाचीच धाटणी आहे. प्राकृत काव्य न जाणतां प्रेमाची चर्चा करणारांस लाज कशी वाटत नाहीं, असें आरंभींच्या एका गाथेंत विचारिलें आहे, तें खेडुतांस नव्हे. तेव्हां कांहीं संदर्भ जुने व खरे असतील. परंतु टीका गाथांनंतर कित्येक शतकांनीं झाल्या. त्यांच्या कर्त्यांपुढें नायिकाभेदाचें शास्त्र तयार होतें, आणि त्या शास्त्राच्या कप्प्यांत प्रत्येक सून, प्रत्येक मैत्रीण व प्रत्येक वाटसरू बसविणें हा त्यांचा अभ्यासच होता. कवींच्या नांवांतहि असाच घोटाळा आहे. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींचीं नांवें परंपरेनें दिलेलीं आहेत. पण एका पोथींत जी गाथा एकाची, ती दुसरींत दुसऱ्याची.

हा वाद केवळ पाठांचा नाहीं. अवतरणिकांवर विसंबून सातवाहनकालीन खेड्यांविषयीं लिहिलें म्हणजे गोदाकांठचीं सर्व कुटुंबें व्यभिचारांत बुडालेलीं होतीं, असें चित्र निघतें. ज्या सुनामुलींस स्वतःचा कागद नाहीं, त्यांच्यावर टीकाकाराच्या एका वाक्यावरून दीड-दोन हजार वर्षांनीं आळ घेणें न्यायाचें नाहीं. आम्ही वाटूर येथें राहून हें लिहीत आहों. आमच्या जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीच आहे आणि गाथेंतली 'गोला' ती हीच. कापूस, पाऊस, चिखल, मावशी, आत्या, दीर, सून, तूप, पोट, यांपैकीं कित्येक शब्द थोड्या फरकानें त्या गाथांत सांपडतात. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यास वाटूर फाट्यावर परतूरचा रस्ता फुटतो. तेथें वाहनाची वाट पाहत उभे असलेले तरुण वाटसरू पाहिले कीं आम्हांस पाणपोईवरची गाथा आठवते. वाटसरू ओंजळीचीं बोटें विरळ करून, मान वर करून, सावकाश पाणी पितो. आणि पाणी घालणारी मुलगी आधींच बारीक असलेली धार आणखी बारीक करीत जाते. या गाथेस कोणत्याहि अवतरणिकेची गरज नाहीं. तींत कोणाचा अपराध नाहीं. दोन अनोळखी तरुणांनीं मिळून लांबविलेला एक क्षण आहे, आणि पाणपोई व ती चालविणारी मुलगी यांचा पुरावाहि आहे.

यावरून आम्ही तीन नियम सुचवितों. जें गाथेच्या शब्दांत आहे तें पहिल्या प्रतीचें प्रमाण धरावें. जें केवळ अवतरणिकेंत आहे, परंतु एकमेकींवर न विसंबणाऱ्या दोन टीकांत समान आहे, तें परंपरा म्हणून नमूद करावें. आणि जें एकाच टीकेंत आहे, तें त्या टीकाकाराच्या काळाचें साधन समजावें, हालाच्या काळाचें नव्हे. भुवनपाल या जैन टीकाकाराची टीका प्रा. पटवर्धनांच्या संपादनानें १९८० व १९८८ सालीं दोन भागांत बाहेर आली असल्यानें ही तुलना आतां घरीं बसून करितां येते. स. आ. जोगळेकरांची १९५६ ची मराठी आवृत्ति पुष्कळांच्या संग्रहीं आहेच. तींतील अर्थ व मूळ शब्द शेजारीं ठेवून हा पडताळा पाहावा.

पोथ्यांच्या संग्राहकांस शेवटीं एक विनंति आहे. सप्तशतीची पोथी किंवा नुसतीं सुटीं पानें हातीं आल्यास सूचींत केवळ 'सटीक' अथवा 'अपूर्ण' एवढेंच लिहूं नये. गाथांचा क्रम, प्रत्येक गाथेवरील कवीचें नांव, अवतरणिकेचें वाक्य, आणि तें मूळ लेखकाच्या हातचें आहे कीं समासांत दुसऱ्या हातानें मागाहून घातलें आहे, हीं चार टिपणें अवश्य करावींत. समासांतील तें एक वाक्य गाथेहून किती नंतरचें, हें शाई व अक्षर पाहून संग्राहकच सांगूं शकतो. पोथी छापली गेल्यावर तो भेद कायमचा बुजतो. छापील ग्रंथावर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांस तें साधणें नाहीं.