शेवटच्या डब्याची खूण

बेगडेवाडीच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना एखादी एक्स्प्रेस न थांबता धडधडत जाते, तेव्हा माझी नजर तिच्या शेवटच्या डब्याकडे जाते. त्याच्या पाठीवर मोठी फुली आणि ‘एलव्ही’ अशी पाटी असते. एलव्ही म्हणजे शेवटचे वाहन. जुन्या ब्लॉक पद्धतीत ही खूण दिसल्याखेरीज गाडी अखंड पोचली असे स्टेशनमास्तर मानत नसत आणि मागच्या गाडीला वाट देत नसत. वाटेत डबे तुटून राहिले असतील तर?

संगणकांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या तारांपुढे हाच प्रश्न होता. तारेवरून येतो तो शून्य आणि एक यांचा सलग प्रवाह. निरोप संपला कुठे? सत्तरच्या दशकात आयबीएमने एसडीएलसी हा नियम आणला. त्यावरून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने एचडीएलसी घडवला. त्यात निरोपाच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण असते. निरोपातच सलग सहा एक आले तर घोटाळा होईल, म्हणून पाठवणारा दर पाच एकांनंतर एक शून्य घुसवतो आणि घेणारा ते काढून टाकतो. शेवटी पडताळ्याचा आकडा असतो. शिवाय निरोपांना क्रमांक देऊन पोच मागण्याची आणि हरवलेला निरोप पुन्हा पाठवण्याची सोयही त्यात होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मोडेमच्या खरखरीनंतर घरचा संगणक जाळ्याला जोडणारा पीपीपी हा एचडीएलसीचाच वंशज. त्याचे मानक जुलै १९९४ मधले. त्याने सुरुवाती-शेवटाची तीच खूण ठेवली, पडताळाही ठेवला. टेलिफोनवर मात्र शून्य घुसवण्याऐवजी तो नडणाऱ्या अक्षराआधी एक इशारा-अक्षर टाकी. क्रमांक आणि पोच हे ओझे त्याने एरवी उतरवून ठेवले. बिघडलेला निरोप तो मुकाट टाकून देई; पुन्हा पाठवायचा की नाही, हे वरच्या थरातल्या टीसीपीने पाहावे.

मला या इतिहासाचे मर्म इथे दिसते. वीस वर्षांत नियमाने बरीच कामे सोडली, पण अर्धवट निरोप पुरा म्हणून पुढे जाऊ द्यायचा नाही, हे काम सोडले नाही. हरवलेला निरोप पुन्हा मागता येतो. अर्धा निरोप पुरा समजून घेतला, तर मागायचे कोणी आणि कशाला?

एक्स्प्रेस तळेगावकडे निघून जाते. फुली दिसली, म्हणजे गाडी पुरी गेली.