एक वास, तीन झाडे : बडीशेपेची कुळकथा



पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याला आपण विचारले, "भाजीवर सांबार टाकू का?" तर तो बावचळतो. त्याला इडलीसोबतचे सांबार आठवते, आपल्या नागपूर भागात तर सांबार म्हणजे कोथिंबीर! नावाच्या अशा घोटाळ्यावर चार माणसे हसतात आणि विसरतात. पण बियाण्याच्या नावात घोटाळा झाला की वावर रिकामे राहते. म्हणून आज बडीशेपेची कुळकथा सांगतो.

आपल्या घरात शेप नावाच्या वस्तू किती, ते मोजा. भाजीचा शेपू. त्याचेच बी म्हणजे बाळंतिणीला देतात ती बाळंतशेप. जेवणानंतर खातो ती बडीशेप, तिलाच आपण सोप म्हणतो. आणि एक विलायती शेप, म्हणजे अनीस. ती आपल्याकडे क्वचितच दिसते.

ही अनीस मूळची भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातली. रोममध्ये केटो नावाचा एक जमीनदार होऊन गेला, इ. स. पू. १४९ मध्ये तो वारला. त्याने शेतीवर पुस्तक लिहिले. त्यात द्राक्षाचा ताजा रस, पीठ, अनीस आणि जिरे घालून भाजायच्या वड्यांची कृती दिली आहे. म्हणजे शेतीच्या पुस्तकात स्वयंपाक सांगायची रीत जुनीच म्हणायची! बडीशेपही त्याच मुलखातली. मॅरेथॉन शर्यतीचे नाव ज्या ग्रीक गावावरून पडले, त्या गावाचे नावच बडीशेपेच्या ग्रीक नावावरून आले आहे.

पुढे ही नावे प्रवासाला निघाली. ग्रीकांचे 'अनिसॉन' अरबांकडे 'अनीसून' झाले आणि युनानी हकिमांबरोबर आपल्या देशात आले. फारसी भाषेत बडीशेपेला 'बादियान' म्हणत. चीनकडून चांदणीच्या आकाराचे एक फळ आले. त्याचा वास बडीशेपेसारखाच, म्हणून लोकांनी त्याला 'बादियान-ए-खताई', म्हणजे चीनची बडीशेप म्हटले. आपण मराठीत 'खताई' गाळले आणि चक्रीफुलालाच बाद्यान म्हणू लागलो. आज इतवारीच्या किराणा दुकानात बाद्यान मागितले की चक्रीफूल मिळते, ते असे.

लोकांचे नाक फसले त्याला कारण आहे. अनीस, बडीशेप आणि चक्रीफूल या तिन्हींच्या तेलात अॅनेथॉल नावाचे एकच सुगंधी द्रव्य मुख्य असते. पण झाडे वेगळी. अनीस, बडीशेप, शेपू आणि आपला सांबार हे छत्रीसारखी फुले येणारे एकाच कुळातले भाऊबंद. चक्रीफूल मात्र मोठ्या झाडाचे फळ, ते आपल्या वावराचे पीक नव्हे. त्याच्यासारखे दिसणारे जपानी फळ तर विषारी असते, म्हणून चक्रीफूल सुटे न घेता खात्रीच्या ठिकाणचेच घ्यावे.

ओळख अशी ठेवा. बडीशेपेचे फूल पिवळे, दाणा लांबट, हिरवट आणि रेघांचा. शेपूचे फूलही पिवळे, पण दाणा चपटा आणि कडेला पातळ पापुद्रा. अनीसचे फूल पांढरे, झाड बुटके, दाणा बारीक, करडा आणि किंचित लवदार.

आता माझी चूक सांगतो. नोकरीला नवा होतो तेव्हा एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, सोप पेरू का?" मी म्हटले, "पेरा की!" बी कुठले, हे काही सांगितले नाही. त्याने दुकानातली खायची सोप आणून पेरली. ती भाजलेली होती, उगवणार कशी? तीन आठवडे तो वाफ्याला पाणी देत राहिला. रब्बीचा तो तुकडा पडीक राहिला, आणि तो मला काही बोलला नाही, हेच जास्त लागले.

तेव्हा घाई नको. बडीशेपेचे मोठे पीक गुजरात-राजस्थानात होते, उंझ्याची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपण आधी एक गुंठा करून पाहावे. पेरणीचे बी खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दोन आठवड्यांत ७० च्या आसपास अंकुरले तरच पेरा. गुंठ्याला सुमारे १०० ग्रॅम बी पुरते. पाणी साचणार नाही अशा जमिनीत, ऑक्टोबरच्या मध्याला, दीड फुटावर ओळी धरा. पीक पाच-साडेपाच महिन्यांचे आहे. फुलावर ढगाळ हवा आली तर मावा पाहत राहा. सगळ्या छत्र्या एकदम पिकत नाहीत, तयार होतील तशा हाताने खुडा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात हिरवा रंग जातो आणि भावही उतरतो.

घरच्या मसाल्याला आणि पाहुण्यांच्या पानाला पुरून उरली, तरच पुढच्या साली वाढवा. आणि दुकानदार नुसते "शेप आहे" म्हणाला, तर विचारा, "कोणती शेप?" हा एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. मी तो विचारायला शिकवला असता, तर त्या शेतकऱ्याचा हंगाम वाचला असता.